नवीन बँडसॉ : आधी वीज बघा, मग पातं, मग लाकूड



आज उसावर किंवा डाळिंबावर नाही, लाकडावर लिहितोय. पण विषय शेतीचाच आहे. आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याच्या चाऱ्यांच्या कडेला आणि वरच्या जिरायत रानाच्या बांधावर बाभळ, लिंब, सुबाभूळ भरपूर आहे. वादळात पडलेली किंवा रस्त्यात आलेली बाभळ आपण वजनावर सरपणाला देऊन टाकतो. आणि त्याच आठवड्यात फावड्याला दुकानातून मऊ लाकडाचा दांडा आणतो, तो एका पाण्याच्या पाळीत मोडतो. बाभळीचा दांडा बापाने घातलेला पोराला पुरतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो काढून देणार कोण? आमच्या गावच्या सुतारमामांचं वय झालं. त्यांची पोरं एमआयडीसीत कामाला जातात. वखारीत एका दांड्यासाठी कुणी मशीन चालू करत नाही.

म्हणून या दिवाळीनंतर बारामतीतून एक बँडसॉ आणला. चौदा इंची चाकाचा, एक एचपीचा, सिंगल फेजवर चालणारा. वखारीत जी मोठी पट्टा करवत असते तिचंच हे धाकटं भावंडं. वर एक चाक, खाली एक चाक, त्यावरून पोलादी पट्टीसारखं गोल जोडलेलं पातं फिरतं. पात्याचा वेग मिनिटाला साधारण 900 मीटर असतो, म्हणजे तासाला 54 किलोमीटर. गाडी त्या वेगाने चालवताना आपण जेवढं लक्ष देतो तेवढं इथं दिलं पाहिजे.

मशीन बसवून पहिल्या चार दिवसांत चार तक्रारी निघाल्या. मोटर घुंघुं करून उशिरा उचलायची, जाड लाकडात काप पोटासारखा फुगायचा, सरळ पट्टीला लावून ढकललं तरी काप बाजूला पळायचा, आणि चालू असताना टिकटिक आवाज यायचा. पुतण्या म्हणाला, "तात्या, परत द्यायची मुदत सात दिवसांची आहे, घालू टेम्पोत." शेजारचे म्हणाले कपॅसिटर गेलाय. कुणी म्हणालं ताण वाढवा, कुणी म्हणालं गाईड आवळा.

मी एकच नियम धरला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. ऊस पिवळा पडला की आपल्यातले बरेच जण एकाच टाकीत फेरस, झिंक, टॉनिक आणि बुरशीनाशक ओततात. ऊस हिरवा झाला तरी कशाने झाला ते कळत नाही, आणि नाही झाला तर शेवटी मुळाशी हुमणी किंवा साठलेलं पाणी निघतं. मशीनचंही तसंच. चार नॉब एकदम फिरवले की मूळ बिघाड हरवतो आणि तीन नवे तयार होतात.

आता बसवायचा क्रम सांगतो. प्रत्येक पायरीला प्लग काढलेला पाहिजे. नुसतं बटण बंद चालणार नाही, पिन सॉकेटच्या बाहेर.

1) जागा. शेडची फरशी कुठेच सपाट नसते. चारही पाय टेकतात का बघा, डुलत असेल तर पायाखाली पत्र्याची चकती घाला आणि बोल्टने आवळा. मशीन डुललं की पातं थरथरतं.

2) सफाई. टेबलावर गंज लागू नये म्हणून कंपनी ग्रीस लावते. ते रॉकेलच्या फडक्याने पुसा, नंतर मेण चोळा. लाकूड अलगद सरकतं. चाकांवरच्या रबरी पट्टीवर ग्रीस किंवा भुसा चिकटलेला नाही ना, हे हात फिरवून बघा.

3) पातं चढवणं. आधी वरचे आणि खालचे गाईड पूर्ण मागे घ्या. बरेच जण टेबलाखालचे गाईड विसरतात, आमच्याकडे आलेल्या मशीनचे खालचे गाईड दुकानातूनच एका बाजूला दाबून आले होते. पात्याचे दाते आपल्याकडे आणि टोकं खाली टेबलाकडे पाहिजेत. टोकं वर दिसली तर पातं उलटं झालंय, शर्टाची बाही उलटी करतो तसं ते पिळून सुलटं करता येतं. हातमोजे फक्त या कामाला घाला, मशीन चालू असताना कधीच नाही.

4) मार्ग लावणं. थोडा ताण द्या आणि वरचं चाक हाताने फिरवा. मागच्या बाजूला चाक कलतं करायचा नॉब असतो. पातं चाकाच्या मधोमध धावेपर्यंत तो पाव-पाव फेरा फिरवा. मग पूर्ण ताण द्या आणि परत हाताने फिरवून बघा, कारण ताण वाढला की मार्ग थोडा सरकतो.

5) गाईड. पात्याच्या दोन्ही बाजूंना दहाच्या नोटेच्या जाडीएवढी फट ठेवा. नोटच घडी न घालता मध्ये सरकवून बघितली तरी चालते. बाजूचे गाईड दात्यांच्या खाचेच्या मागेच राहिले पाहिजेत, दात्यांवर आले तर धार जाते. मागचं बेरिंग पात्याला नुसतं चालताना लागता कामा नये, लाकूड ढकलल्यावरच फिरलं पाहिजे.

6) टेबलाचा काटकोन. गुण्या पात्याला लावून बघा. मग एक चौरस पट्टी आडवी कापा, एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेली तोंडं जोडा. फट दिसली तर चूक तिच्या निम्मी आहे. गुण्या खोटा असू शकतो, ही फट खोटी नसते.

7) पहिला फेरा. दार बंद करून, बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामं चालवा. वरचा गाईड लाकडाच्या वर फक्त दोन सूत ठेवा. पातं जेवढं उघडं तेवढं ते वळवळतं, आणि बोटालाही तेवढीच जागा मिळते.

एवढं करूनही आमच्या चार तक्रारी होत्याच. त्यांची उत्तरं एकेक सांगतो.

पहिली तक्रार, मोटर. शेड घराच्या मीटरपासून 75 मीटरवर आहे आणि तिथपर्यंत 1 स्क्वेअर एमएमची जुनी वायर गेली होती. दिवा, पंखा, मोबाइल चार्जर यांना ती पुरत होती. कपॅसिटरला हात लावण्याआधी मीटर घेऊन बसलो. मशीन बंद असताना शेडमध्ये 220 व्होल्ट. एवढं बघून बहुतेक जण म्हणतात वीज बरोबर आहे. पण मशीन उचलताना तेच 155 च्या आसपास कोसळत होतं आणि जाड लाकूड कापताना 200 वर येत होतं.

हिशोब सोपा आहे. 1 स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण 18 ओहम. जायची आणि यायची मिळून 150 मीटर, म्हणजे 2.7 ओहम. एक एचपी सिंगल फेज मोटर चालताना 6-7 अँपियर घेते, तेव्हा वायरीतच 16 ते 19 व्होल्ट जातात. उचलताना ती चौपट करंट ओढते, मग 60-70 व्होल्ट वायरीतच जिरतात. आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. व्होल्टेज तीस टक्के पडलं तर जोर तीस टक्के नाही, जवळजवळ निम्मा पडतो. विहिरीवरच्या पंपाची केबल निवडताना आपण हे बघतो, शेडमध्ये दुर्लक्ष करतो.

4 स्क्वेअर एमएमची वायर टाकली. रोध 0.7 ओहमवर आला. उचलताना आता 200 च्या खाली जात नाही, मोटर एका दमात उचलते. सोबत वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग केलं. कपॅसिटर ठणठणीत होता. सात दिवसांच्या मुदतीत मशीन परत गेलं असतं तर दुसरं मशीनही याच वायरीवर असंच घुंघुं करत बसलं असतं. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की लाइन खाली येते, त्या वेळी मी जाड लाकूड घेत नाही.

दुसरी तक्रार, फुगलेला काप. कुळवाच्या दिंडासाठी आठ इंच उंचीचा बाभळीचा ओंडका उभा चिरायचा होता. वर आणि खाली काप रेषेवर, मध्ये मात्र दोन सूत बाहेर. वीज सुधारल्यावर फरक पडला, पण गेला नाही. म्हणजे आता पातं बघायचं. मशीनसोबत आलेलं पातं पाव इंच रुंद आणि इंचाला 10 दात्यांचं होतं. ते पातळ फळीला आणि वळणाला चांगलं. आठ इंच लाकडात एका वेळी 80 दाते घुसतात. प्रत्येक दाता थोडा भुसा काढतो आणि तो भुसा खाचेत मावत नाही. खाच भरली की दाता कापत नाही, नुसता घासतो, पातं तापतं आणि वाट मिळेल तिकडं वाकतं. ताण वाढवून हे बरं होत नाही.

अर्धा इंच रुंद, इंचाला 3 दात्यांचं पातं आणलं. त्याच ओंडक्यात काप सरळ आला. लक्षात ठेवायला एवढं पुरे : जाड आणि ओल्या लाकडाला इंचाला 3 दाते, एक-दोन इंचाच्या कोरड्या फळीला 6, पातळ पट्टीला 10 ते 14. कमीत कमी तीन दाते कायम लाकडात राहिले पाहिजेत. वळणाचं म्हणाल तर पाव इंची पातं साधारण पाऊण इंच त्रिज्येत वळतं, अर्धा इंचीला अडीच इंच लागतात. खुरप्याची मूठ आणि कुळवाचं दिंड एकाच पात्याने होणार नाही.

तिसरी तक्रार, बाजूला पळणारा काप. नव्या पात्यानेही दोन फुटांच्या फळीत एक सूत उजवीकडे जायचं. पात्याचे दाते एक डावीकडे एक उजवीकडे किंचित फाकवलेले असतात. एका बाजूचे थोडे जास्त फाकले किंवा जास्त बोथट झाले की पातं एका बाजूला ओढतं. यावर उपाय सुतारमामांनी काठी टेकत येऊन दाखवला. ते म्हणाले, "बैल ज्या अंगाला ओढतो ते आधी बघ, मग कासरा धर." फळीवर कडेला समांतर रेघ मारायची. पट्टी न लावता मोकळ्या हाताने त्या रेघेवर फूटभर कापायचं. मग फळी आहे तशी धरून मशीन बंद करायचं. पातं थांबल्यावर फळी ज्या कोनात आहे तो टेबलावर पेन्सिलने आखायचा आणि सरळ पट्टी त्या कोनात बसवायची. पाच मिनिटांचं काम. पातं बदललं की परत करायचं. पण त्याआधी पातं चाकाच्या मधोमध आहे का बघा, बऱ्याचदा तिथंच निम्मी तक्रार मिटते.

चौथी तक्रार, टिकटिक. ही पात्याच्या सांध्याची. पातं म्हणजे टोकं वेल्डिंगने जोडलेली पट्टी. सांधा घासून सपाट केलेला नसेल तर दर फेऱ्याला गाईडवर आपटतो. प्लग काढून पातं हाताने फिरवलं, सांधा गाईडपाशी येताच अडखळला. पातं उतरवून मागची कड आणि दोन्ही बाजू बारीक दगडाने हळू घासल्या. आवाज गेला. पण टिकटिक अचानक सुरू झाली तर लगेच बंद करा, कारण तडा गेलेलं पातंही असंच वाजतं.

या सांध्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बँडसॉचं पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी 1808 साली घेतलं, पण मशीन पुढे चाललं नाही, कारण सतत वाकणाऱ्या पात्याचा सांधा टिकत नव्हता. 1846 च्या सुमारास फ्रान्समध्ये ॲन पॉलिन क्रेपां या बाईंनी सांधा टिकाऊ करायची रीत काढली, तेव्हा कुठं हे यंत्र कामाला आलं. चाळीस वर्षं अख्खं यंत्र एका सांध्यावर अडून होतं.

आता लाकडाबद्दल. बांधावरच्या बाभळीच्या पोटात काय असेल सांगता येत नाही. कुंपणाची तार, खिळा, दाव्याची कडी झाडाने गिळलेली असते. साल काढून चुंबक फिरवा. सालीतली माती आणि खडे पात्याला खिळ्याइतकेच वाईट. ओल्या बाभळीचा चीक पात्यावर बसतो, तो रॉकेलने धुवा. चिरलेल्या फळ्यांची दोन्ही टोकं जुन्या ऑइलपेंटने बंद करा, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. इंचभर जाडीला वर्षभर असा सुकवायचा जुना हिशोब आहे. घाई केली तर टोकं फाटतात.

सगळ्यात महत्त्वाचं, बोटं. आपल्या भागात कडबाकुट्टीत बोटं गेलेला माणूस प्रत्येक गावात आहे. बँडसॉ गोल करवतीसारखा लाकूड मागे फेकत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण गोल फांदी पात्याखाली नुसती हाताने धरली की ती गरकन फिरते आणि हात सोबत ओढते. गोल लाकूड कायम व्हीच्या आकाराच्या लाकडी खोबणीत बसवून, स्क्रूने पक्कं करूनच ढकला. शेवटचे चार इंच काठीने ढकला. उपरणं, लांब बाही, अंगठी, मनगटातला दोरा काढून ठेवा. चष्मा आणि मास्क लावा, बाभळीचा बारीक भुसा छातीत जातो. बटण बंद केल्यावरही चाक काही सेकंद फिरत राहतं, ते पूर्ण थांबल्याशिवाय तुकडा उचलू नका. घरातली पोरं शेडमध्ये आली की आमचं मशीन बंद. काम संपलं की प्लग काढून पिन कपाटात कुलुपात ठेवतो. पात्याचा ताण सोडतो आणि मशीनवर पाटी अडकवतो : "ताण सोडला आहे." नाहीतर दुसरा माणूस तसंच चालू करायचा.

कायद्याचंही बघून घ्या. महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडं आपल्या रानात असली तरी तोडायला परवानगी लागते. बाकीच्या झाडांचंही तोडण्याआधी वनखात्याकडे विचारलेलं बरं. आणि घरचं काम वेगळं, पैसे घेऊन लोकांचे ओंडके चिरायला लागलात तर ती सॉ मिल झाली, तिला वनखात्याचा परवाना लागतो. मला आत्तापर्यंत तिघांनी विचारलं, तिघांना नाही म्हणालो.

आत्तापर्यंत काय निघालं? फावड्याचे सहा दांडे, खुरप्याच्या अकरा मुठी, एक दिंड आणि जुवाच्या शिवळा. बैल कमी झाले तरी कोळपणीला आणि बांधाकडेच्या कामाला ते लागतातच. अजून जू करायचं आहे, त्याची फळी सावलीत सुकतेय, पुढच्या दिवाळीच्या आत तिला हात लावणार नाही.

कुणी नवीन मशीन घेतलं आणि ते नीट चालेना, तर परत द्यायच्या आधी क्रमाने जा. चालू लोडवर व्होल्टेज मोजा, मग पात्याचे दाते मोजा, मग मार्ग, मग गाईड, शेवटी लाकूड. आणि वहीत लिहीत चला. आमच्या वहीत चार तक्रारींसाठी दोन पानं भरली, मशीनचा एकही भाग बदलावा लागला नाही. बदलली ती वायर आणि पातं.